सहावीचा प्रवेश आणि सात वर्षांचा हिशेब

आमच्या वाई तालुक्यात मोठी शाळा म्हटलं की बोट आपोआप घाटाकडे जातं. पसरणी घाट चढला की पाचगणी, आणि पाचगणी म्हणजे इंग्रजांच्या काळापासून निवासी शाळांचं गाव. आमचे हे एसटीत कंडक्टर आहेत, वाई आगारात. महाबळेश्वरच्या गाडीवर ड्यूटी असली की शाळा सुरू होण्याच्या दिवसांत घाटात मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग ते बघतात. मी गावात शिवणकाम करते: ब्लाउज, ड्रेस, जूनमध्ये शाळेचे गणवेश. दोन लेकरं, थोरली मुलगी आणि तिच्याहून दोन वर्षांनी लहान मुलगा. थोरली जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला गेली त्या वर्षी, म्हणजे २०२३-२४ मध्ये, तिच्या सहावीच्या प्रवेशासाठी आम्ही काय काय केलं ते इथं लिहिते आहे. आमच्यासारख्या घरातले पालक मला अजून विचारत असतात. दर वेळी तोंडी सांगताना निम्मं राहून जातं.

आमच्यासारखी घरं म्हणजे कोणती, ते आधी सांगते. आम्ही गरीब नाही. पगार ठरलेल्या तारखेला होतो, कापून हातात बत्तीस हजारांच्या आसपास येतात, माझ्या मशीनचे सणासुदीप्रमाणे सहा ते नऊ हजार. पण बाजूला टाकून ठेवलेलं असं काही नाही. सवलतीच्या बऱ्याच योजनांत उत्पन्नाची अट असते आणि आमचं उत्पन्न त्या रेषेच्या जरासं वर जातं. आठवीतल्या मुलांसाठी एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा असते, पास झालेल्याला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, पण त्याला पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागतं. तिथंही आम्ही बसत नाही. मोठ्या शाळेची फी परवडत नाही आणि गरिबाची सवलत मिळत नाही, अशा मधल्या जागेत फार घरं आहेत. त्यांच्यासाठी हे लिहिणं.

सुरुवात वर्गाच्या बाईंनी केली. पाचवी सुरू झाल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, "पोरगी गणितात पुढं आहे. नवोदयचा फॉर्म भरा, सैनिकीचाही भरा. पण आत्ता कुठल्या अकादमीत घालायला तिला इथून काढू नका." शेवटचं वाक्य तेव्हा मला कळलं नव्हतं. नंतर कळलं. नवोदय म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा, राहण्या-खाण्यासकट फुकट. तिथल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांच्या असतात आणि त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण झालेली लागतात. शिवाय पाचवी त्याच जिल्ह्यात शिकत असावं लागतं. आमच्या नात्यातल्या एकांनी मुलाला तयारीसाठी पाचवीला शहरातल्या शाळेत नेलं होतं. अभ्यास चांगला झाला, पण ग्रामीणचा हक्क गेला. निवासी अकादम्यांची पत्रकं आमच्याकडंही आली होती. वर्षाचे सत्तर-ऐंशी हजार आणि 'खात्रीशीर निवड'. फुकटच्या शाळेत जाण्यासाठी ऐंशी हजार घालायचे हे मला पटलं नाही. बाई सकाळी शाळेआधी तासभर सहा-सात मुलांना बसवायच्या, एक पैसा न घेता. आम्ही त्यावर विसंबलो.

दोन परीक्षांतला फरक सांगते, कारण फॉर्म भरताना बहुतेकांना तो ठाऊक नसतो. नवोदयला ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास. त्यातले निम्मे प्रश्न आकृत्यांचे, म्हणजे बुद्धिमत्तेचे. उरलेल्यांत अंकगणित आणि भाषा सारखे. फॉर्मला पैसे लागत नाहीत. सैनिकी शाळेच्या सहावीच्या परीक्षेला १२५ प्रश्न, ३०० गुण, अडीच तास, आणि त्यातले १५० गुण एकट्या गणिताचे. तिथं सामान्य ज्ञानही आहे. फॉर्मचे त्या वर्षी खुल्या गटाला ६५० रुपये होते. दोन्ही पेपर मराठीत देता येतात. आकृत्यांचा सराव नवोदयसाठी केला की सैनिकीच्या बुद्धिमत्तेला तोच उपयोगी पडतो, गणित मात्र सैनिकीच्या पातळीचं करावं लागतं. बाईंनी ऑगस्टपर्यंत आकृत्या घेतल्या आणि दिवाळीनंतर फक्त गणित.

लेकीचं मन सैनिकी शाळेवर होतं. साताऱ्याची सैनिकी शाळा देशातली पहिली, १९६१ सालची. सातारा जिल्ह्यात लष्करात नाही असं घर शोधावं लागतं. माझे चुलत सासरे सुभेदार म्हणून निवृत्त झालेत. सैनिकी शाळांत मुलींना प्रवेश मिळायला लागला, २०२२ मध्ये एनडीएत, म्हणजे लष्करी अधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीत, मुलींची पहिली तुकडी गेली, हे तिनं त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं आणि डोक्यात घेतलं होतं. पण मुलींच्या जागा थोड्या, दहा टक्के किंवा किमान दहा. शिवाय फी आहे. त्या वेळी ती दीड लाखाच्या आसपास सांगत होते आणि दरवर्षी वाढते. राज्य सरकारची शिष्यवृत्ती असते, पण ती उत्पन्नावर ठरते, आणि पूर्ण सवलतीच्या मर्यादेत आम्ही बसत नव्हतो. ह्यांनी आगारातल्या एका सहकाऱ्याला गाठलं, त्यांचा मुलगा तिथं शिकून गेलेला. ते म्हणाले, "शिष्यवृत्ती मिळेल ती मिळेल, पण पहिल्या दिवशी पूर्ण फी हातात आहे असं समजूनच पाऊल टाक."

पाचगणीचं नाव मधेच आलं. तिथल्या एका शाळेनं परिसरातल्या मराठी शाळांतल्या मुलांसाठी गुणवत्ता चाचणी ठेवली होती. बाईंनी तीन मुलं पाठवली, त्यांतून आमची निवडली गेली. शाळेचं नाव मी घेणार नाही, कारण माझी तक्रार शाळेबद्दल नाही. शाळा खरोखर चांगली आहे. ग्रंथालय बघून लेक तिथंच जमिनीवर बसली आणि तिनं एक पुस्तक उघडलं, उठायला तयार होईना. प्रयोगशाळेत प्रत्येक मुलाला स्वतःची बाकाची जागा. प्राचार्या मराठीतून बोलल्या, ह्यांना "बसा दादा" म्हणाल्या, चहा दिला. असं सगळं आपल्या लेकराला मिळावं असं वाटण्यात काही चूक नाही. मला ते वाटलं आणि आजही वाटतं.

कागद हातात आला तेव्हा पहिल्या वाचनात दोघांनाही हर्ष झाला. वर्षाचा पूर्ण खर्च ५ लाख ४० हजार. त्यातली ३ लाख ६० हजारांची शिकवणी फी पूर्ण माफ. वसतिगृह आणि जेवणाचे १ लाख ८० हजार, त्यात पहिल्या वर्षी निम्मी सवलत. म्हणजे नव्वद हजारांत पाचगणीची शाळा. हे रात्री ड्यूटीवरून आले आणि म्हणाले, "अगं, एवढं तर पतसंस्थेतून निघेल."

दुसऱ्या दिवशी मी मापाच्या वहीच्या मागच्या पानांवर तो कागद उतरवून काढला. नव्वद हजारांच्या खाली बारीक अक्षरात आणखी ओळी होत्या. परत मिळणारी अनामत ४० हजार. परत मिळणारी, पण सात वर्षांनी. सहली, वैद्यकीय, धुलाई, आणि मुलीच्या खात्यावर ठेवायचे किरकोळ खर्चाचे पैसे मिळून वर्षाचे ४५ हजार. गणवेशाचे ३८ हजार. नव्वदाचे २ लाख १३ हजार झाले. माफी दरवर्षी गुण बघून पुढं चालू ठेवायची की नाही ते ठरणार होतं. वसतिगृहातली सवलत पुढच्या वर्षी मिळेलच असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. कार्यालयात विचारलं तर फी वर्षाला साधारण दहा टक्के वाढते असं सांगितलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. मी दहा टक्क्यांनी वसतिगृहाचा आकडा वाढवत गेले. बारावीच्या वर्षी नुसतं राहणं-खाणं ३ लाख १८ हजारांवर गेलं. तोवर धाकटा दहावीत असणार होता.

गणवेशाच्या यादीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण ते माझं काम. नेव्ही ब्लू ब्लेझर, चुण्यांचे स्कर्ट चार, शर्ट सहा, हाउसचे टी-शर्ट, ट्रॅकसूट दोन, पोहण्याचा पोशाख, रेनकोट, दोन प्रकारचे बूट. भेटीच्या दिवशी नमुन्याचा ब्लेझर कार्यालयात टांगलेला होता. मी विचारून तो हातात घेतला, उलटा करून पाहिला. अस्तर चांगलं होतं, काज मशीनचे पण नीट, खांद्याला पॅड, कॉलरला बकरम. मेहनतीचा माल होता, उगाच नाव ठेवणार नाही. पण स्कर्टचं कापड टेरिकॉटचं, जे मी वाईच्या बाजारातून घेते तेच. चुण्या धरून एक स्कर्ट मी ज्या पैशांत शिवते त्याच्या तिप्पट किंमत यादीत होती. शर्टांचंही तसंच. मी शिवून दिलं तर चालेल का, असं विचारलं. तिथल्या बाई समजुतीनं म्हणाल्या, "सगळ्या मुली एकाच दुकानातलं घालतात, तुमचीला वेगळं वाटायला नको." त्यांचं बरोबर होतं. पण मला तेव्हा लख्ख दिसलं की या शाळेत माझ्या हातचं काही चालणार नाही. आमच्या घरात जे पैशानं होत नाही ते हातानं होतं. मी शिवते, हे सुट्टीला शेतात जातात, सासूबाई पापड-लोणची करतात. जिथं यातलं काहीच खर्चात धरता येत नाही, तिथं प्रत्येक गोष्ट रोखीनं घ्यावी लागते, आणि रोख हीच आमच्याकडं कमी.

कर्जाचं बोलणं झालं. घरात येणारे-जाणारे म्हणायचे, शिक्षणासाठी कर्ज काढायला काय हरकत आहे. हरकत आहे, आणि ती मी बँकेत जाऊन समजून घेतली. इंजिनिअरिंग-मेडिकलला जे शैक्षणिक कर्ज मिळतं त्याची परतफेड शिक्षण संपल्यावर वर्षभरानं सुरू होते, तोवर मूल कमावतं होण्याची आशा असते. सहावीसाठी पतसंस्थेतून काढलेलं कर्ज म्हणजे पगारावरचं साधं कर्ज. हप्ता पुढच्या महिन्यापासून. आणि ते फेडायच्या आत सातवीची फी दारात. म्हणजे दरवर्षी कर्जावर कर्ज. बारावीनंतर लेकीला खरंच काही मोठं शिकायचं असेल तेव्हा बँकेकडं जायला आमच्याकडं पत उरली नसती.

मला रात्री झोप लागू दिली नाही ती मात्र दुसऱ्याच गोष्टीनं. धाकट्याचं नाव या कुठल्याच कागदावर नव्हतं. सगळी बोलणी थोरलीची. ती हुशार, तिचं सोनं करायचं. अन् त्याची शिकवणी, त्याचे चष्म्याचे पैसे, त्याची पुढची दहा वर्षं ही गृहीत धरलेली, जमेल तशी भागवायची. एका लेकराच्या शाळेचे पैसे दुसऱ्याच्या ताटातून काढायचे असतील तर तो हिशेब घरातल्या सगळ्यांसमोर मांडला पाहिजे. मी ह्यांना म्हटलं, "अहो, हे पैसे कोण भरणार, याचं उत्तर आपण दोघं असं नाही. ते तो भरणार आहे, आणि त्याला कोणी विचारलेलं नाही." त्यानंतर हे बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, वही आण.

आम्ही प्रत्येक शाळेचं एक पान केलं. वर शाळेचं नाव, खाली सहावी ते बारावी अशी सात वर्षं, समोर जास्तीत जास्त किती लागेल तो आकडा. सवलत धरायची नाही, मिळाली तर मिळाली. पाचगणीचं पान लवकर मिटलं. सैनिकीचं पान उघडं ठेवलं, कारण तिथं मुलीची इच्छा होती आणि शेताचा छोटा तुकडा खंडानं दिला तर पहिली काही वर्षं निभावली असती. नवोदयच्या पानावर जवळजवळ काहीच लिहायचं नव्हतं. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं, अंथरूण, तेल-साबण सगळं शाळेचं. नववीपासून महिना ६०० रुपये विकास निधी असतो, मुलींना तोही माफ. आणि चौथं पान रयत शिक्षण संस्थेच्या हायस्कूलचं, शेजारच्या गावातलं, सायकलनं जाण्याजोगं. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या जिल्ह्यात राहून त्या पानाला शेवटचं पान म्हणणं मला जड गेलं. माझे वडील, मी, हे, आम्ही सगळे रयतमध्येच शिकलो. वसतिगृहात काम करून शिकलेली माणसं आमच्या आजूबाजूला आहेत. म्हणून ठरवून टाकलं की काहीच लागलं नाही तर रयत, आणि ते हिरमुसून नव्हे. लेकीलाही तसंच सांगितलं, परीक्षेच्या आधी.

परीक्षा जानेवारीत झाल्या. नवोदय २० तारखेला वाईत, सैनिकी २८ तारखेला साताऱ्यात. नवोदयचा पेपर तिला सोपा गेला. सैनिकीच्या गणितात वेळ कमी पडला.

मार्च महिना सगळ्यात अवघड गेला. सैनिकीचा निकाल लागला, ती पात्र ठरली, पण पात्र ठरणं आणि यादीत येणं यात मोठं अंतर असतं. मुलींच्या दहा-बारा जागा आणि फेऱ्या ऑनलाइन, त्यानंतर लष्करी रुग्णालयात वैद्यकीय तपासणी. पहिल्या यादीत तिचं नाव नव्हतं. त्याच सुमाराला पाचगणीहून फोन आला, वीस तारखेच्या आत अनामत भरा, नाहीतर जागा पुढच्या मुलीला जाईल. नवोदयचा निकाल लागलेला नव्हता. आम्ही महिनाअखेरपर्यंत मुदत मागितली. नियमात बसत नाही म्हणाले. त्यांच्याही यादीत मुली थांबलेल्या होत्या.

त्या चार-पाच दिवसांत घरात येणाऱ्या प्रत्येकाचं मत वेगळं. हातातली जागा सोडू नका, असं जवळजवळ सगळेच म्हणाले. सासऱ्यांनी मात्र लेकीला जवळ बोलावून विचारलं, तुला काय वाटतं. ती म्हणाली, "आप्पा, ग्रंथालय लय भारी आहे. पण आईनं वहीत लिहिलंय ते मी वाचलंय." दहा-अकरा वर्षांचं मूल. आकडे तिच्यापासून लपवायचे नाहीत असं मी ठरवलं होतं, तरी त्या वेळी मला रडू आलं. हेच तिनं आणखी दोन वर्षांनी, तिथं शिकत असताना वाचलं असतं तर तिच्या मनावर केवढं ओझं झालं असतं, असंही वाटलं. ह्यांनी वीस तारखेला सकाळी फोन करून नम्रपणे नकार कळवला आणि ड्यूटीवर गेले. गाडी महाबळेश्वरचीच होती.

तेव्हा आमच्या हातात रयतशिवाय काहीही नव्हतं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून लोक म्हणतात तुमचं नशीब. नवोदयचा निकाल मार्च संपता संपता लागला आणि तिची निवड झाली. पण नकार दिला तो रयतच्या भरवशावर.

नवोदयची कागदपत्रं जमवताना दमछाक होते, ती आधीपासून करून ठेवावीत. जन्माचा दाखला, रहिवासाचा पुरावा, तिसरी ते पाचवीच्या शिक्षणाचं मुख्याध्यापकांच्या सहीचं प्रमाणपत्र, वैद्यकीय दाखला. त्यात एक हमीपत्र असतं ज्याकडं पालक दुर्लक्ष करतात. नववीत गेल्यावर तीसेक टक्के मुलांना वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयमध्ये पाठवतात, आपल्याकडची मुलं हिंदी पट्ट्यात जातात. त्याला तयार आहोत असं लिहून द्यावं लागतं. सासूबाई सही करू देईनात. मला विचाराल तर शाळेतली ही सगळ्यात चांगली गोष्ट आहे. आमच्या घरातून नोकरीशिवाय कोण राज्याबाहेर राहिलंय?

नवोदयचं सगळंच छान आहे असं मी म्हणणार नाही. आमची सुरुवातीचे महिने रडली. एका दालनात खूप मुली, सकाळी लवकर उठणं, मराठी माध्यम असलं तरी पुढं गणित-विज्ञान इंग्रजीत जाणार याची धास्ती. भेटीचा रविवार ठरलेला, त्याखेरीज भेटता येत नाही. जेवण भरपूर पण एकसुरी. पहिल्या भेटीला मी शेंगदाण्याचे लाडू नेले, ते तिनं न खाता खोलीतल्या सगळ्या मुलींना वाटले. नवोदय खावलीला, साताऱ्यालगतच असल्यानं आम्हाला जाणं सोपं. ज्यांना पाटण-महाबळेश्वरच्या आतल्या भागातून यावं लागतं त्यांचे हाल होतात. त्यांचाही खर्च धरायला हवा, एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी. पण शिक्षक आवारातच राहतात, संध्याकाळी अभ्यासाला समोर असतात. मजुराची मुलगी आणि तलाठ्याची मुलगी एकाच कापडाच्या गणवेशात असतात. माझ्या लेकीला तिथं कधी काही लपवावं लागलं नाही.

सैनिकीच्या पुढच्या फेरीची आम्ही वाट पाहिली नाही, नवोदयची तारीख आधी होती. तिला ते लागलं. अजूनही विषय निघतो. सैनिकी शाळेत जागा रिकाम्या असल्या तर नववीला पुन्हा परीक्षा देता येते, पेपर इंग्रजीत, ४०० गुणांचा. ती आता सातवीत आहे. एनडीएची परीक्षा द्यायला सैनिकी शाळेतूनच बारावी व्हावं लागतं असं नाही, हे चुलत सासऱ्यांनी तिला समजावलंय, तरी तिला नववीचा फॉर्म भरायचाच आहे. भरू दे. सैनिकीचं जुनं पान मी काढलंय आणि आजच्या फीनं नववी ते बारावी अशी चार वर्षं त्यावर नव्यानं लिहितेय.

धाकटा यंदा पाचवीत. बाईंनी त्याच्याही फॉर्मचं विचारलं होतं. त्याला घर सोडायचं नाही. त्याला ह्यांच्याबरोबर शेतात जायला आवडतं, गणितापेक्षा इंजिन उघडण्यात जास्त रस आहे. जूनला रयतमध्ये नाव घालायचं ठरलंय. त्याच्या नावाचंही एक पान वहीत आहे. त्यात सायकल, चष्मा, आठवीची इंग्रजीची शिकवणी आणि दहावीनंतर आयटीआय किंवा डिप्लोमा, दोन्हींचे आकडे लिहिलेले आहेत. ते त्यानं स्वतः विचारून लिहून घेतले.